कालचा दिवस विचारणाऱ्या मॅडम

"तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न मॅडमनी आमच्यासमोर कधी कुणाला विचारला नाही, आणि त्यांची नोकरी तर नेमकं तेवढंच विचारायची होती. सर्व्हेच्या टॅबवर तो प्रश्न ठळक अक्षरांत यायचा, खाली पर्याय यायचे, आणि आम्ही बाकीचे तो पोपटासारखा वाचून दाखवायचो. मॅडम टॅब मांडीवर पालथा ठेवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ते राहू द्या. काल सकाळी उठल्यापास्नं काय काय केलं, तेवढं सांगा." मग समोरची बाई सांगू लागायची. पाणी भरलं, पोरांचे डबे केले, जरा विड्या वळल्या, जेवण केलं, परत जरा विड्या वळल्या. तो 'जरा' किती तासांचा, हे मॅडम पदराआड बोटांवर मोजत असायच्या.

मी मूळचा माढ्याचा. अर्थशास्त्रात बी.ए. करून सोलापुरात दोन वर्षं चपला झिजवल्यावर एका कंत्राटदार संस्थेमार्फत या सर्व्हेत लागलो. ज्यांचं काम कुठल्याच हजेरीपटावर नाही अशी माणसं किती, ती काय करतात, हे घरोघर जाऊन शोधायचं, असं ते काम. पहिल्याच दिवशी मला मॅडमच्या जोडीला दिलं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, 'माढेकर' म्हणायच्या. मी मोठ्या ऐटीत त्यांना असंघटित क्षेत्राची पुस्तकातली व्याख्या ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. "छान. आता तुझं नेमणुकीचं पत्र दाखव बघू." माझ्याकडे पत्र नव्हतं. नेमणूक फोनवर झाली होती. "माझ्याकडंबी न्हाय," त्या म्हणाल्या. "चल, आपल्यासारखीच माणसं मोजायची हायत."

विणकरांच्या वसाहतीतलं एक घर मला अजून आठवतं. मागावरून नुकताच घरी आलेला नवरा दार अडवून उभा होता. म्हणाला, "मिसेस काय न्हाय करत, घरीच असती." त्याच्या पाठीमागे ती माउली मांडीवर सूप घेऊन बसलेली, बोटं भराभर चाललेली. मॅडम म्हणाल्या, "मग ते मांडीवर काय हाय?" तो मागे वळून बघत म्हणाला, "ते व्हय? ते काय काम न्हवं. बसल्या बसल्या हजार विड्या वळती, बाकी काय न्हाय." "आणि तुम्ही मागावर उभ्या उभ्या काय करता?" मॅडमनी विचारलं. आधी त्याची बायको हसली, मग तोही हसला, आणि आम्हाला आत घेतलं.

आत गेलं की मॅडम जमिनीवर बसायच्या. खुर्ची पुढे केली तरी नाही. "उभ्यानं विचारलं की माणूस उभ्यानंच उत्तर देतं," असं त्यांचं म्हणणं. गुडघे कुरकुरायचे, उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवावा लागायचा, पण बसायच्या खालीच. त्या बुधवार पेठेत राहायच्या. काही घरांत आडनाव विचारलं जायचं आणि त्यानंतर येणारं पाणी यायचंच नाही. मॅडम पिशवीतून आपली बाटली काढायच्या, दोन घोट घ्यायच्या आणि कालच्या दिवसाबद्दल विचारू लागायच्या. यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सुपरवायझरला त्या डोईजड व्हायच्या. 'काम करत नाही' या पर्यायावर टिक केली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप गळतात आणि फॉर्म पाच मिनिटांत संपतो. आम्ही दिवसाला सहा-सात घरं उरकायचो, मॅडम तीन. महिन्याअखेरीला त्यांना दरवेळी बोलणी बसायची आणि पुढच्या कंत्राटात तुम्ही असाल की नाही ठाऊक नाही, हे ऐकवलं जायचं. त्या "बरं" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच घरं करायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा रिक्षा चालवायचा, पण घर मुख्यतः या कंत्राटावरच चालत होतं. तरीही.

एक गोष्ट मात्र त्या प्रत्येक घरात न चुकता करायच्या. निघताना टॅबवर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ह्यातनं तुमचं नाव गल्लीत जाणार न्हाय, कचेरीत जाणार न्हाय. गेलं तर मला दारात उभं करू नका." मला ते जरा नाटकी वाटायचं. नाव गुप्त ठेवायचं हा तर नियमच होता, पहिल्या पानावर छापलेला. मी एकदा तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "छापलेलं कोण वाचतंय, माढेकर? लोक माझ्या तोंडाकडं बघून सांगत्यात."

शिवव्वाचं घर अक्कलकोट रोडच्या एका गल्लीत होतं. ती विधवा होती. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू, एवढीच दोन माणसं. दारातच कानडीत "बर्री अक्का, कूडरी," असं या-बसा करत तिने बसायला पोतं पसरलं, न विचारता पाणी आणलं, आणि मग ठरलेलं उत्तर दिलं, "काय काम न्हाय करत, घरीच असते." मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. सासू खाली जमिनीवरच्या अंथरुणात होती, खाटेवर धुतलेलं धोतर अंथरलं होतं आणि त्यावर कडक भाकऱ्या मांडल्या होत्या. जागा पुरली नाही म्हणून काही दोरीच्या शिंकाळ्यातही ठेवल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "खाणारी तोंडं दोन, त्यातल्या एकीला दात न्हाईत. ह्या एवढ्या भाकरी कोण खातंय?" शिवव्वा पदर तोंडाला लावून हसली. आणि हसता हसता एकदम गप्प झाली.

"बाई, हे लिवू नका," ती म्हणाली. "मला निराधाराची पेन्शन हाय. त्यातनं हिचं औषध येतंय. भाकरी करून इकते म्हणून कळलं तर बंद करतील." मॅडमनी तिला समजावलं, की अशा घरी बसून राबणाऱ्या बायका किती आहेत हेच कुणाला ठाऊक नाही, मग त्यांच्यासाठी काही ठरवायचं तर कशावरून ठरवणार? आकडा जाईल, नाव जाणार नाही. शिवव्वाने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग सगळं सांगितलं. चार वाजता उठते, किती पीठ मळते, दुकानदार कधी येऊन घेऊन जातो, सगळं. मॅडमनी टॅबवर तळहात ठेवला. निघताना तिने आम्हा दोघांच्या हातावर एकेक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली.

पुढच्या आठवड्यात आढावा बैठक होती. मॅडम भाचीच्या लग्नाला वैरागला गेल्या होत्या. पुण्याहून आलेले साहेब म्हणाले, फील्डवरचं एखादं चांगलं उदाहरण सांगा. मी उठलो. भाकऱ्यांची गोष्ट सांगितली, आणि रंगवून सांगितली. "मग मी तिला विचारलं," असं म्हणालो. 'मॅडमनी' म्हणालो नाही. शिवव्वाचं नाव घेतलं, गल्ली सांगितली. नाव घेतल्याशिवाय गोष्टीत जीव येत नाही असं मला वाटलं. लोक हसले, साहेबांनी टाळी वाजवली. मला खूप बरं वाटलं. सोलापुरात आल्यापासून माझं कौतुक पहिल्यांदाच होत होतं.

हॉल मिळवून देणारे वॉर्डातले एक कार्यकर्ते मागच्या रांगेत चहा पीत बसले होते. त्यांच्या वहिनीचा पेन्शनचा अर्ज दोनदा परत आलेला होता, हे मला नंतर कळलं.

आमच्या सर्व्हेत काही महिन्यांनी पुन्हा त्याच घरांत जायचं असतं. आम्ही गेलो तेव्हा शिवव्वाने बसायला पोतं दिलं नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काय काम न्हाय. घरीच असते. लिवा." खाटेवर नुसती सासू होती. मॅडम खाली पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "शिवव्वा, काय झालं?" "काय व्हायचंय? कचेरीतला माणूस आला, भाकऱ्या बघून गेला, पेन्शन बंद झाली. तुमीच लिवून नेलं की." मी शेजारी टॅब धरून उभा होतो. मला वाटलं त्या म्हणतील, मी कुणाला सांगितलं नाही, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. त्या म्हणाल्या, "व्हय. माझ्याच हातनं गेलं ते."

त्या दिवशी गल्लीतली एकूणएक बाई घरीच बसून होती. विड्या नाहीत, शिवण नाही, भाकरी नाही. मागच्या वेळी जिथे बायका पहाटेपासून राबत होत्या, त्या गल्लीत आता कागदावर एकही बाई काही करत नव्हती. मॅडम प्रत्येक घरात खाली बसल्या, कालचा दिवस विचारला, आणि प्रत्येक घरात "काल काय, काय न्हाय" एवढंच ऐकून उठल्या. जे सांगितलं ते भरलं.

त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभराने साहेब पुन्हा आले आणि सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाले, "तुमच्या जोडीदारानं ते भाकरीचं उदाहरण काय सुरेख मांडलं होतं!" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. म्हणाल्या, "हो. चांगलं बोलतो तो." त्यानंतर आम्ही दोघांनी कँटीनमध्ये चहा घेतला आणि त्यांनी माझ्या कपात अर्धा चमचा साखर जास्त टाकायला सांगितली, कारण मला तसा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. मी तो चहा प्यायलो. शरमेने मान खाली जायला हवी होती, छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. तेव्हापासून माझं हे असंच आहे. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं.

पेन्शन पुन्हा सुरू व्हावी म्हणून मॅडम कचेरीत खेटे घालत राहिल्या. कामाचे दिवस मोडून रांगेत उभ्या राहायच्या. पण अर्जावर सही शिवव्वाची लागणार होती, आणि शिवव्वा काही त्यांच्याबरोबर यायला तयार नव्हती. "एकदा सांगून बगितलं की," एवढंच ती म्हणायची. दिवसाची घरं तिनावरून दोनावर आली. पुढच्या कंत्राटात मॅडमचं नाव नव्हतं. माझं होतं, आणि सुपरवायझर म्हणून होतं.

त्या आजारी आहेत असं कळलं तेव्हा मी बुधवार पेठेत गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाताची नुसती काडी झालेली. "मॅडम, ते त्या दिवशी मीटिंगला," मी सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "ऐक. त्या गल्लीत तू परत जाशील. मी शिवव्वाला सांगितलंय, चूक माझीच. तू तिथं उलटं सांगत बसू नको."

मी म्हटलं, "पण चूक माझी आहे."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "मला काय तिथं आता जायचं न्हाय. माझ्यावरचा विश्वास गेला तर गेला. तुझ्यावरचाबी गेला तर त्या बायकांना परत कोण विचारणार?" मग म्हणाल्या, "लई राग आला होता तुझा. मारावं वाटलं होतं." मी मान हलवली. त्यांनी सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. पंधरा दिवसांनी त्या गेल्या. मी मातीला गेलो होतो, शेवटपर्यंत थांबलो, सगळ्यांबरोबर परत आलो.

गेल्या महिन्यात त्या गल्लीत नवी फेरी होती. मी स्वतः गेलो. शिवव्वाचे केस पांढरे झालेत, सासू राहिली नाही. पेन्शन अजून बंदच आहे. मला ओळखून ती म्हणाली, "तुमी व्हय. या. ती बाई न्हाय आली न्हवं?" मी म्हणालो, "त्या वारल्या." तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "मेलेल्याला काय बोलू ने. पर लबाड निगाली ती. डोक्यावर हात ठेवल्यागत बोलली आन् माजं नाव इकून आली. तुमी तसलं न्हाई, तुमी तवा नुस्ते गप उभं हुता." आणि तिने माझ्यासाठी पोतं पसरलं.

मॅडमनी सांगितलं होतं, उलटं सांगू नको. मला तेवढं पुरलं. मी खाली बसलो. शिवव्वाने सगळं सांगितलं, पहाटेपासूनचं, पिठापासून दुकानदारापर्यंत. मागच्या घरातली आली, तिनेही सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्या गल्लीतल्या सगळ्या बायका पुन्हा कामाला लागलेल्या माझ्या टॅबवर दिसत होत्या. इतका बिनचूक फॉर्म मी आजवर भरलेला नाही. शिवव्वाने भाकरी दिली. मी ती तिच्यासमोरच खाल्ली, आणि तिने आणखी एक पुढे केली तेव्हा नको म्हणालो नाही.