मंजुरी कोणाची?

कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. वेल्डर म्हणत, ड्रायव्हर म्हणत, बाहेरून बिल घेऊन आलेला परका माणूसही चहा संपेपर्यंत ताई म्हणायला लागे. हुद्द्यानं ती ऑफिस मॅनेजर. कारखाना दवाखान्यातल्या खाटांचा, चाकाच्या खुर्च्यांचा आणि कुबड्यांचा. वडिलांनी पत्र्याच्या एका शेडमध्ये स्ट्रेचर बनवायला सुरुवात केली होती. त्यांच्यामागे थोरला भाऊ, म्हणजे दादा, कारखाना बघू लागला, आणि धाकट्यानं बाहेरचं सगळं अंगावर घेतलं: ऑर्डरी, गिऱ्हाइकं, दौरे. धाकट्याला घरात अजून बाळच म्हणत. बाळच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, कंबरेला पट्टा आला होता, पण नाव काही मोठं झालं नव्हतं.

दोघांच्या मध्ये ताई. वयानंही, आणि बसायलाही. डावीकडे दादाची केबिन, उजवीकडे बाळची, आणि मधल्या मोकळ्या जागेत ताईचं टेबल. दोघा भावांचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. झालं असतं तर मिटलं तरी असतं. वडील गेल्यावर मालक कोण हे कोणी बोललं नाही, आणि ते बोलायचं राहिलं तसं हळूहळू बाकीचं बोलणंही राहत गेलं. दादा केबिनमधून बाहेर येई आणि ताईच्या टेबलाशी उभा राहून म्हणे, "त्याला विचार, डोकं ठिकाणावर आहे का? पावसाळ्याच्या तोंडावर एवढी ऑर्डर घेतात?" ताई उठे, उजवीकडे जाई आणि म्हणे, "दादा विचारतोय, मुदत थोडी वाढवून मिळेल का?"

सुरुवात अशी शब्द मऊ करण्यापासून झाली. पण सवय ही वाळवीसारखी असते, कुठवर पोचली ते वरून दिसत नाही. बाळला तिसरी शेड हवी होती आणि दादा "अजिबात नको" म्हणून बसला होता, तेव्हा ताईनं बाळला सांगितलं, "दादा तयार आहे, फक्त भाड्यानं घे, आणि आधी पंख्यांची आणि उजेडाची सोय कर म्हणतो." आणि दादाला सांगितलं, "बाळ म्हणतो, दादाला नको असेल तर विकत नको घेऊ या, नुसती भाड्यानं घेऊन बघू." शेड आली. दोघांनाही वाटलं, समोरच्यानं आपलं ऐकलं. दोघंही महिनाभर खुशीत होते. आणि ताईलाही, का खोटं बोला, आपण फार मोठं काम केलं असं वाटलं होतं.

शेड आली तशी ऑर्डरी वाढल्या, माणसं वाढली, आणि घोळही वाढले. कुठल्या खाटा कोणाच्या हे दादा आपल्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवी, बाळ आपल्या फोनमध्ये, आणि दोन्हींचा मेळ ताईच्या डोक्यात. एकदा ती मुलीच्या परीक्षेसाठी दोन दिवस रजेवर गेली. नव्या प्रसूतिगृहाच्या खाटा त्या दोन दिवसांत दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात जाऊन उतरल्या. उद्घाटनाच्या सकाळी तिथल्या मुख्य नर्सबाईंचा फोन आला. "वॉर्डात पडदे आहेत, फुलं आहेत, पाहुणे आहेत. बाळंतिणींना काय जमिनीवर झोपवू?"

त्या दिवशी दोन्ही केबिनमधून एकच वाक्य बाहेर आलं: सॉफ्टवेअर घ्या. ऑर्डर, माल, खरेदी, हिशेब, सगळं एका ठिकाणी दिसलं पाहिजे. आणि निवडायचं कोणी? दादा म्हणाला ताईनं, बाळ म्हणाला ताईनं. दोघांनाही ती आपलीच माणूस वाटे.

पहिला आला तो मोठ्या कंपनीचा, टाय लावलेला. ताई जे विचारी त्याला त्याचं उत्तर ठरलेलं: "होऊन जाईल." अर्धवट रंगवलेली खाट गिऱ्हाइकानं बदलून मागितली तर कुठे नोंदवायची? होऊन जाईल. एकाच ऑर्डरीचा माल दोन गाड्यांत गेला तर? तेही होऊन जाईल. तो गेल्यावर बाळ म्हणाला, "याचं लग्नही असंच होऊन गेलं असणार." दुसरं सॉफ्टवेअर स्वस्त होतं आणि हिशेब चोख ठेवी. पण त्याच्या लेखी खाट म्हणजे खाट. तिला चार चाकं, दोन कठडे आणि डोक्याकडची बाजू वर उचलायला एक हँडल लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिसऱ्या आल्या त्या एका लहान कंपनीच्या बाई. डोळ्यांवर चष्मा, पायात सपाट बूट, हातात पेन. लॅपटॉप उघडायच्या आधी म्हणाल्या, "मला कारखाना दाखवता?" ताईनं फिरवून आणलं. बाई प्रत्येकाला विचारत गेल्या. रंगकामावरच्या मुकादमाला विचारलं, "रंग वाळला नाही आणि गाडी दारात उभी आहे, तर कोणाला सांगता?"

"ताईंना."

गोदामात विचारलं, चाकं संपत आली तर? ताईंना. ड्रायव्हरला विचारलं, पत्ता चुकला तर? ताईंना. ऑफिसात परत आल्यावर बाईंनी हसत विचारलं, "ताई, तुम्ही आजारी पडलात तर?"

"अजून वेळच मिळाला नाही," ताई म्हणाली.

मग बाईंनी लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअर खरंच चांगलं होतं, त्याला खाट कळत होती. पण शेवटी त्या म्हणाल्या, "एक गोष्ट तुम्हा लोकांना बसून ठरवावी लागेल. कुठल्या कामाला कोणाची मंजुरी. त्या माणसाकडे ते काम जाणार, तो आपल्या नावानं हो किंवा नाही म्हणणार, आणि ते सगळ्यांना जसंच्या तसं दिसणार."

"जसंच्या तसं?"

"हो. म्हणजे निरोपात गडबड व्हायला नको."

ताईला तिसरी शेड आठवली. बाईंना ते कळण्याचं कारण नव्हतं. त्या चहा पिऊन, आभार मानून गेल्या.

पुढचे काही दिवस ताईनं तिन्हींची तुलना करण्यात घालवले, म्हणजे तसं दाखवलं. मनाशी तिनं कधीच ठरवलं होतं: दुसरं. स्वस्तातलं. त्यात मंजुरी-बिंजुरी काही नव्हतं. संध्याकाळी भाजी निवडताना तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा पाणीपुरवठा खात्यात, माणूस कमी बोलणारा. तो म्हणाला, "ज्याला खाट कळत नाही तेच घेणार?"

"सोपं आहे वापरायला."

"कोणाला?"

तिनं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना वेगवेगळं सांगितलं. बाळला म्हणाली, दादाला हेच पसंत आहे. दादाला म्हणाली, बाळला हेच परवडतं. पण या खेपेला डाव उलटला. रंगकामाच्या मुकादमानं जेवणाच्या सुट्टीत दादाला गाठून सांगितलं होतं, "त्या चष्म्याच्या बाई आल्या होत्या ना, त्यांचं घ्या. पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला काही विचारलं." दादाचा मुकादमावर जीव. त्यानं बाईंना परत बोलावलं, आणि ताईला म्हणाला, "त्यालाही बसव. एकदाच काय ते बघून टाकू."

ताईच्या टेबलाभोवतीच खुर्च्या मांडल्या. दोघे भाऊ इतके जवळ कितीतरी दिवसांनी बसले होते. दादा लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता, बाळ फोनकडे. बाई म्हणाल्या, "तुमचंच एखादं उदाहरण घेऊ. समजा, ही तिसरी शेड. घ्यायची ठरली तेव्हा शेवटची मंजुरी कोणाची होती?"

"दादाची," बाळ म्हणाला.

"माझी?" दादानं मान वळवली. "मी तर नकोच म्हणालो होतो. तू म्हणालास ना, भाड्यानं घेऊन बघू, म्हणून गप्प बसलो."

"मी कधी म्हणालो? मला विकतच घ्यायची होती. तूच भाड्यानं म्हणालास, वर पंखे आणि उजेड म्हणालास."

"कसले पंखे?"

बाईंचा हात लॅपटॉपच्या कळांवरच थांबला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते, आणि मग दोघांच्याही माना एकदमच ताईकडे वळल्या.

बाई शहाण्या होत्या. "मी बाहेर फोन करून येते," म्हणून उठल्या.

बाळचा आवाज आधी चढला. कुबड्यांचा स्वस्त नमुना बंद करायला मी हो म्हणालो होतो का? नव्हतो. दादानं माझ्या साल्याला नोकरीला नको म्हटलं होतं का? दादा म्हणाला, मला विचारलंच नव्हतं कोणी. एकेक गाठ सुटत गेली आणि ताई मध्ये बसून राहिली. मृदंगासारखी अवस्था, थाप दोन्हीकडून. "म्हणजे इतकी वर्षं मी दादाशी बोलतच नव्हतो," बाळ म्हणाला. "तुझ्याशीच बोलत होतो." आणि केबिनचं दार आपटून गेला.

दादा ओरडला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा," तो म्हणाला, "तू त्याचा निरोप आणला होतास. दादा, कारखान्याची काळजी करू नको, तू फक्त बरा हो. तोही तुझाच?"

"नाही रे. तो त्याचाच होता. शपथ."

"आता कसं कळणार मला?" दादा म्हणाला.

त्याला जाऊन विचार, असं म्हणायला ताईनं तोंड उघडलं. पण आपण दुसऱ्याला काहीही सांगायचा हक्क आज गमावला आहे असं तिला वाटलं. पर्स उचलून ती घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

नवऱ्यानं तिला दोन दिवस काही विचारलं नाही. मग एकदा कपडे वाळत घालताना तीच म्हणाली, "मी त्यांच्या भल्यासाठीच केलं."

"ते खरंच आहे."

"तुटलं असतं सगळं."

"तेही खरं." त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं. "पण दोघांचंही पान तुझ्यावाचून हलत नव्हतं, ते तुला आवडत होतं की नाही?"

तिला राग आला. चादर तशीच टाकून ती आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा नवऱ्यानं सगळे कपडे वाळत घातले होते. "होतं आवडत," ती म्हणाली. तो रिकामी बादली उचलून आत घेऊन गेला, आणि त्याबद्दल तिला त्याचे उपकारच वाटले.

इकडे कारखान्यात काही गोडीगुलाबी नव्हती. मुकादम फोन करून कळवी: आज गोदामात दोघांची जुंपली, आज गाडीसमोर जुंपली, कामगार हातातलं काम टाकून ऐकत उभे. एकदा बाळ तिच्या घरी आला. बसला नाही, पाणीही घेतलं नाही. "माणूस नाही म्हणतो, तर किती वेळ नाही म्हणतो गं! तू कसं सहन केलंस?" ताईला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. जाताना दारातून तो म्हणाला, "ऑपरेशनचं विचारलं त्यानं मला. मी सांगितलं, माझाच होता निरोप. तर म्हणतो, ताईला वाचवायला सांगतोयस."

काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात. पण गढूळ होतं ते होतंच. तिसरी शेड सोडून द्यावी लागली. कुबड्यांचं काम बंद पडलं, आणि त्यावरची दोन जुनी माणसं दुसरीकडे निघून गेली. त्यांतल्या एकाला ताईनंच आणलं होतं. जाताना तो तिला भेटायलाही आला नाही.

शेवटी दादाचा फोन आला. "ये उद्यापासून. त्या बाईंचं सॉफ्टवेअर घेतलंय. तू निवडलंस, मग लोकांना शिकवणार कोण?"

"मी ते निवडलं नव्हतं, दादा. मी दुसरं घ्या म्हणत होते."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला. "का ते पण ठाऊक आहे. ये."

ती गेली. मंजुरीचं दोघांनी भांडून भांडून ठरवलं होतं: खरेदी आणि माणसं दादाकडे, ऑर्डरी बाळकडे, नवी जागा किंवा नवा नमुना असेल तर दोघांकडे. ताईचं नाव कुठेच नव्हतं. बाई म्हणाल्या, तुमचंही घालू का कुठे? ती नको म्हणाली. तिनं गोदामातल्या पोरांना शिकवलं, मुकादमाला शिकवलं. एका बोटानं कळा दाबताना त्याच्या कपाळावर घाम येई. खाटा चुकीच्या गावाला जाणं मात्र थांबलं.

पहिल्याच आठवड्यात बाळनं मागितलेल्या नव्या नमुन्यावर दादानं "नामंजूर" लिहिलं, आणि खाली कारण म्हणून एकच शब्द: "महाग." बाळ तरातरा बाहेर आला, सवयीनं ताईच्या टेबलाशी थांबला. "ताई, त्याला जरा..."

ताई खुर्चीतून उठली नाही. तिनं फक्त दादाच्या दाराकडे बोट केलं. बाळ आत गेला. बराच वेळ आवाज येत राहिले, आणि त्यातून काही जमलं नाही. तो नमुना शेवटपर्यंत झाला नाही, ते गिऱ्हाईक गेलंच. पण बाळ त्या केबिनमध्ये पुन्हाही गेला, आणि नंतरही जात राहिला.

एका सकाळी बाळच्या बायकोचा फोन ताईला आला: त्यांना ताप आहे, आज येत नाहीत. ताईनं जाऊन दादाला सांगितलं. दादानं मान हलवली, "बरं," म्हणाला. मग तिच्या समोरच फोन उचलला आणि बाळचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. ताई दारात उभी होती. बाळनं फोन घेतला, आणि तापानं जड झालेला त्याचा आवाज तिला तिथपर्यंत ऐकू आला.

"हो रे दादा," तो म्हणत होता. "खरंच ताप आहे."