किशनमामांकडे राहिलेला डबा

किशनमामांच्या लेकीचा, सुमनचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "ताई, बाबा गेले... सकाळीच," ती औशाहून बोलत होती. मी "बरं" म्हटलं. असं कुणी म्हणतं का! पण मी म्हटलं आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिथेच उभी राहिले. महिना होऊन गेला, रडू अजून आलेलं नाही.

किशनमामा म्हणजे जुन्या नांदेडातल्या आमच्या गल्लीतले गिरणीवाले. सख्खे कुणाचेच नाहीत, तरी सगळ्या गल्लीचे मामा. डब्यावर नावाची चिठ्ठी लावली की त्यांना राग यायचा. झाकण उघडून ज्वारी पाहिली की ते घर ओळखत. पडणारं पीठ अंगठ्यानं बोटावर चोळून बघत; आमच्या आईला भाकरीसाठी बारीक लागायचं, समोरच्या काकूंना धपाट्यांसाठी जरा जाड. मी लहानपणी गव्हाचा डबा घेऊन घाई करायचे तेव्हा म्हणत, "थांब गं पोरी, ज्वारी चालू हाय. हिच्यावर गहू टाकला तर पोळ्या फाटतील, मंग तुझी माय मलाच बोलंल."

मग गल्लीचा पुनर्विकास निघाला. आम्ही घरमालक, आम्हाला त्याच जागी फ्लॅट मिळाले. मामा भाडेकरू. बांधकाम चालू होतं तोवर पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी कशीबशी गिरणी चालवली. नव्या इमारतीत खाली गाळा द्यायचं बिल्डरनं कबूल केलं होतं, फक्त फ्लॅटवाल्यांच्या सह्या हव्या होत्या. कागद घेऊन मामा माझ्या दारात आले. अंगावर पीठ होतं म्हणून आत आले नाहीत. माझ्या मुलीची बारावी, घर नवं, पडदे नवे... "मामा, आवाज लई होतो हो. आणि पीठ उडतं," मी म्हणाले. जन्मभर तेच पीठ खाल्लेली मी!

मामांनी कागदाची घडी केली. "हाव, उडतं खरं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, बाकीचे करतील सही. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं. त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. मामांनी गिरणी भंगारात दिली आणि लेकीकडे औशाला गेले. मी सही नाकारली त्या आठवड्यात माझा ज्वारीचा डबा त्यांच्या शेडमध्येच दळायला पडला होता. कोणत्या तोंडानं आणायला जायचं, म्हणून मी गेलेच नाही.

परवा सुमन तो डबा घेऊन आली. उचलला तर जड. "बाबा दर सुगीला जुनी ज्वारी काढून नवी भरायचे," ती म्हणाली. "म्हनायचे, दळून ठिवली तर पिठाला जाळं धरतं. ताई आली की ताजं दळून देऊ... बारीक."

आता डबा ओट्यावर आहे. शेजारी पिठाची पिशवी आहे, दुकानातून आणलेली. काल झाकण उघडून ज्वारीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दळून आणायला हवी. पण इथं जवळपास गिरणी नाही, आणि खाली एक होणार होती तेव्हा मीच नको म्हणाले होते.