तानू बनसोडेचे डॉल्फिन

वडूजच्या तानू बनसोडेनं एम.एस्सी.च्या प्रबंधाला डॉल्फिन घेतले, तेव्हा अख्खा वर्ग हसला. उन्हाळ्यात जिथं विहिरीचा तळ खरवडावा लागतो, तिथली पोरगी आणि समुद्रातलं जनावर! साल अठ्ठ्याहत्तर. सांगलीच्या कॉलेजातले तिचे सर म्हणाले, "अगं, समुद्राला भिंती नसतात. सगळे एकमेकांत मिसळतात. शोधणार काय?"

"मिसळतात का, तेच बघायचंय."

मांसातली प्रथिनं प्रयोगशाळेत विजेच्या प्रवाहानं वेगळी केली की त्यांचे पट्टे उमटतात. पिढ्यान्‌पिढ्या दोन कळप मिसळले नसतील, तर पट्ट्यांत फरक दिसू शकतो. कोकणात जाळ्यात अडकून मेलेल्या डॉल्फिनचं मांस मिळायचं. तानू निघाली, तशी तिची आई भामाबाईही खुरपं टाकून संगं निघाली.

लांबलांबच्या दोन बंदरांवरचे तुकडे बर्फाच्या पेटीत घालून मायलेकी एसटीनं परतत होत्या. कुंभार्ली घाटात वास सुटला. कंडक्टरनं घंटी वाजवून गाडी थांबवली.

"पेटी टाका खाली, न्हाईतर तुमी उतरा."

भामाबाई सरळ पेटीवरच बसली. "तिकीट काढलंय आमी. उतरव की, बघू!"

तानू दारात आडवी झाली. "बर्फ वितळतोय. गाडी सोडा, न्हाईतर इथनं कुणीच उतरायचं न्हाई."

लोकांनी आरडाओरडा केला, नाकाला पदर लावले. शेवटी ड्रायव्हरच वैतागला आणि गाडी निघाली.

पट्टे उमटले. दोन बंदरांचे वेगवेगळे. सर म्हणाले, "प्रवासात मांस खराब झालं असेल." शंका रास्त होती. तानू थंडीत पुन्हा गेली. पुन्हा तेच दिसलं.

"मूठभर जनावरांवरून काही सिद्ध होत नाही. प्रबंधातला हा भाग काढून टाक."

"सिद्ध झालं असं मी लिहिलेलंच नाही, सर. दिसलं ते लिहिलंय. काढणार नाही."

घरी येऊन तिनं आईला सरांचं भिंतीचं बोलणंही सांगितलं. भामाबाई चुलीपुढं फुत्कारली, "आमच्या गावाला तरी कुठं भिंत हुती? तरी आमचा पाणवठा येगळाच की! ऱ्हाऊ दे लिवलेलं."

लिहिलेलं राहिलं. पहिला वर्ग मात्र गेला. तानू विट्याच्या शाळेत शिकवायला लागली. वर्ग गेल्याचं तिला वाईट वाटलं, लय वाटलं. पण दिवाळीची सुट्टी लागली, तशी ती आईला आणि बर्फाची पेटी घेऊन तिसऱ्या बंदराला गेली.