सुरूची फांदी आणि पुण्याचं झाड

रॉकेलच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू भरून उभी केलेली सुरूची फांदी, तिच्या सुईसारख्या पानांवर पिंजून पसरलेला कापूस, आणि बंद खोलीत दाटलेला तो ओलसर, हिरवा, किंचित तुरट वास... नाताळ आमच्या घरात आधी त्या वासानं यायचा. करंज्यांचा वास मागून.

तिसगावच्या अलीकडे आमचं गाव. चर्चच्या आवारात सुरूची जुनी झाडं होती. नाताळच्या आधीच्या रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब स्वतः शिडी धरून उभे राहत आणि प्रत्येक ख्रिस्ती घराला एकेक फांदी मिळे. बाबा शाळामास्तर. एरवी गंभीर माणूस. पण त्या दिवशी फांदी खांद्यावर टाकून ते मुद्दाम लांबच्या वाटेनं, भर पेठेतून घरी येत.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. शिवार तांबूस, उघडंबोडकं झालं, लिंबाचा पालासुद्धा लोकांनी शेळ्यांसाठी ओरबाडून नेला. हिरवा राहिला तो फक्त चर्चचा सुरू – त्याची मुळं खोल होती म्हणून, आणि आवाराला कुंपण होतं म्हणूनही. त्याच वर्षी पुण्याच्या मावशीनं एस.टी.तून एक खोकं पाठवलं. आत तारेवर हिरवा कागद कातरून गुंडाळलेलं, छत्रीसारखं मिटणारं झाड.

बाबांनी ते एकदा उघडून पाहिलं. "बाटल्या धुवायला बरं आहे," म्हणाले, आणि रविवारी नेहमीप्रमाणे फांदी घेऊन आले.

ती ओट्यावर टेकवतात न टेकवतात तोच शेजारच्या पारूकाकूंची शेळी दाव्याला हिसका देऊन तिच्यावर तुटून पडली. पारूकाकूंची सून बाळंतपणात गेलेली. तान्ह्या नातवाला त्या शेळीवाचून दुसरं दूध नव्हतं.

"अगं ए भवाने, मास्तरांचा सन हाय त्यो!" काकूंनी तिला ओढलं.

"दूध किती देते आता?" आईनं विचारलं.

"कुटलं दूद, बाई! वाटीभर बी न्हाई. पोरगं रडून रडून निळं पडतंय."

त्यांनी मागितलं काहीच नाही. आईनं फांदीकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं.

"अहो, पुण्याचं झाड लावू या."

"कागदाच्या झाडाखाली नाताळ?" बाबांचा आवाज चढला. "देवाच्या नावानं आणलीय ही फांदी!"

"जन्म गोठ्यात झाला. तिथं शेळ्या असतील, सुरू काही नव्हता."

मी भोकाड पसरलं. वर्षभर त्या वासाची वाट पाहिलेली. आई म्हणाली, "रडून झालं की विळा आण."

मी आणला. तिनं कोवळे शेंडे तेवढे कापून काकूंच्या ओच्यात टाकले आणि बजावलं, "एकदम घालू नका, पोट फुगेल. रोज येऊन न्या." दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडे गेली आणि गावातल्या बाकीच्या फांद्याही शेळ्यांच्या चाऱ्याला जातील अशी व्यवस्था लावून आली. उपदेश नाही, डोळ्यांत पाणी नाही... आमच्या आईचा धर्म हा असा, हातात विळा घेतलेला. त्यानंतर मी बरीच प्रवचनं ऐकली, त्यातलं एकही इतकं नेमकं नव्हतं.

पुण्याचं झाड कोपऱ्यात उभं राहिलं. त्याला खळीचा वास येत होता. बाबा त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचायचे.

नाताळच्या सकाळी पारूकाकू पदराखाली झाकलेलं फुलपात्र घेऊन आल्या. "मास्तर, च्याला घ्या. पोराचं प्वाट भरून उरलंय."

त्या दुधाचा चहा झाला. बाबांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, मग उठून त्या झाडाच्या शेंड्यावरची कलती चांदणी सरळ केली.

आज चर्चच्या आवारात सुरू नाही, पारूकाकू नाहीत, आईबाबाही नाहीत. नर्सरीतून कुंडीतलं झाड आणावं की दुकानातलं आणावं, यावर माझ्या घरात दर डिसेंबरात वाद होतो. मी दोन्हींना हो म्हणते. सुरूच्या वासाची आठवण येते, नाही असं नाही... पण नाताळच्या सकाळी खरी आठवण येते ती त्या उग्र, शेळीच्या दुधाच्या चहाची. आणि तो मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.