पियुष सरांचा रोबो

आर्वीत भैय्याजींचं कापडाचं दुकान. त्याच्या माडीवर त्यांच्या धाकट्या पोराने, पियुषने, दोन हजार दोन साली सॉफ्टवेअर कंपनी काढली. कंपनीत माणसं दोनच, एक तो आणि दुसरी कारंज्याची हर्षा. दोघं नागपूरला एकाच वर्गात शिकलेले, त्यातही परीक्षेत हर्षा त्याच्या पुढे. तरी माडीवर पाऊल ठेवलं की तिने त्याला ‘सर’ म्हणायचं, असा सरांचाच हुकूम होता.

सोयाबीनच्या अडत्यांसाठी त्याने एक प्रोग्राम करायला घेतला. शेतकऱ्याचं नाव, मालाचं वजन आणि भाव भरला की हिशेबाची पट्टी छापून निघायची. कल्पना चांगली होती. लिहिलं बरंचसं हर्षाने, तपासायचीही तीच. ती खोटी नावं भरी, वजन चुकीचं टाकी, ते पुसून पुन्हा लिही, आणि बिघडलं की सरांना सांगे. ते सांगणं सरांना सोसत नसे. चूक दाखवणारं माणूस त्याला चुकीपेक्षा जास्त बोचायचं.

अशात पुण्याच्या कुणा मित्राने त्याला सांगितलं, की मोठ्या कंपन्यांत तपासायला माणूस बसतच नाही, कीबोर्डची बटणं दुसरा प्रोग्रामच दाबतो. झालं! पियुषने तसा प्रोग्राम लिहिला आणि त्याला ‘रोबो’ म्हणू लागला. नाव टाईप कर, टॅब दाब, वजन टाईप कर, एंटर दाब. अक्षरं आपोआप उमटताना पाहून गडी स्वतःवरच खूश. शेवटी पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘सर्व चाचण्या यशस्वी’ असं येई. येईलच, कारण काहीही झालं तरी शेवटी ती ओळ दाखवायची असंच त्याने लिहून ठेवलं होतं.

“सर, हा फक्त बटणं दाबते,” हर्षा म्हणाली. “आपली खिडकी समोर उघडली का नाई, ते पाहतच नाई. हिशेब बरोबर आला का, तेही पाहत नाई.”

“तुले हातानं करायची सवय आहे, म्हणून तुले पटून नाई राह्यलं.”

“खिडकी उघडेपर्यंत थांबायले तरी लावा त्याले. मशीन हळू असली का बटणं भलतीकडेच जातीन.”

“आपली मशीन हळू नाई.”

“अन् मार्केट यार्डातली?”

सरांनी अधिकार वापरला. “उद्यापासून तू तपासू नको. जाहिरातीचा कागद लिही.”

मार्केट यार्डाच्या हॉलमध्ये अडत्यांना प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. तिथला कॉम्प्युटर म्हातारा. पियुषने आधी एक कोरं पान उघडून त्यावर इंग्रजीत ‘वेलकम’ लिहिलं, मग ऐटीत रोबो सुरू केला आणि हात मागे बांधून उभा राहिला. रोबोने प्रोग्राम उघडायला सांगितला, पण कॉम्प्युटर नुसता घुरघुरत राहिला. रोबोला थांबणं ठाऊक नव्हतं. ‘वेलकम’च्या खाली नावं आणि वजनं धडाधड पडू लागली. प्रोग्राम काही उघडलाच नाही. कोरं पान भरत गेलं, आणि शेवटी हिरवी अक्षरं झळकली. सर्व चाचण्या यशस्वी!

अडत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातले बुजुर्ग बंडूजी तर खुर्चीतून उठले. “हात नाई लावला, अन् लिहून राह्यला! वा रे पठ्ठे!”

हर्षाला राहवेना. “काकाजी, हा प्रोग्राम नाई. हे कोरं पान होय. प्रोग्राम तं उघडलाच नाई.”

“पोरी, चांगल्या कामात काऊन खोडा घालून राह्यली?”

पियुष हसून म्हणाला, “ती नवीन आहे, काकाजी. तिले समजत नाई अजून.”

हर्षाने जाहिरातीचे कागद तिथेच खुर्चीवर ठेवले, एसटी स्टँड गाठला आणि कारंज्याची गाडी धरली.

बंडूजींनी आणि आणखी काही अडत्यांनी प्रोग्राम घेतला. सोयाबीन यायला लागलं तसं त्याचं खरं रूप दिसलं. वजन पुसून नवं भरलं, तरी पट्टीवर हिशेब जुन्याच वजनाचा. एका शेतकऱ्याने भर यार्डात बंडूजींची कॉलर धरली. बंडूजींनी कॉम्प्युटरवर पोतं टाकलं आणि पट्ट्या पुन्हा हाताने लिहायला घेतल्या. पियुष सांगत सुटला, की या अडाणी लोकांना वापरता येत नाही. अडत्यांच्या पेढ्यांवर जाऊन हात जोडले ते भैय्याजींनी.

मग ते कारंज्याला हर्षाच्या घरी गेले. “बाई, तेवढं दुरुस्त करून देजो. मले तोंड दाखवाले जागा नाई राह्यली.”

“देतो, काकाजी. पण पियुषले माझ्या बाजूले बसवा. मी तपासीन, अन् त्यानं नुसतं पाहायचं.”

भैय्याजींनी घरी येऊन निरोप दिला. पियुष म्हणाला, “मी तिच्या बाजूले बसू?” आणि त्याच आठवड्यात तो पुण्याला निघून गेला. प्रोग्राम तसाच राहिला.

पुण्यात त्याला लगेच नोकरी लागली, तीही तपासणीच्याच खात्यात, रोबो लिहायची. दिवाळीत येतो तेव्हा सॉफ्टवेअर कसं तपासावं यावर तो आर्वीतल्या कॉलेजात भाषण देतो. पोरं टाळ्याही वाजवतात.