चिचुंद्रीने न पाडलेला पेला

माझ्या मावसबहिणीचा मला हेवा वाटायचा. आता ते लपवण्यात अर्थ नाही. बारावीला मी मुखेडहून आणि ती चाकूरहून लातूरला आलो आणि क्लासजवळच्या एका काकूंची पत्र्याची खोली दोघींनी मिळून भाड्याने घेतली. वय सारखं, पुस्तकं तीच, मेसचा डबाही एकच. तरी प्रत्येक चाचणीत ती माझ्या वर. आई फोनवर आधी तिचे मार्क विचारायची, मग माझी तब्येत. पोटात दुखणार नाही तर काय?

काकूंनी भूकंप अनुभवला होता. काही वर्षं उलटली तरी त्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून तांब्या उपडा घालत आणि त्यावर स्टीलचा पेला ठेवत. जमीन हलली की पेला पडणार आणि आवाज होताच सगळ्यांनी अंगणात पळायचं, असा घरचा नियम होता. एका संध्याकाळी पेला खणकन पडला. काकू आणि मी अनवाणी अंगणात. बहीण मात्र आरामात दारात येऊन म्हणाली, "भूकंप न्हाई काकू, चिचुंद्री हाय."

मग तिने आमचा क्लासच घेतला. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे. ती झुरळं आणि किडे खाते. तिला फारसं दिसत नाही, म्हणून भिंतीला अंग घासत, लांब नाक हलवत, चिकचिक करत पळते. वाटेत तांब्या आला तर ती काय करणार? तिच्या अंगाला असा उग्र वास येतो की मांजरही सहसा तिला खात नाही. लोखंडी पेटीमागे कागदाच्या कपट्यांत तिची चार पिल्लं होती, तीही बहिणीनेच शोधली. काकूंनी तांब्या भिंतीपासून दोन हात लांब सरकवला. पुन्हा पेला पडला तर मात्र पिंजरा लावीन, असंही बजावलं.

त्या दिवसापासून काकूंची गरम भाकरी तिच्या ताटात, वर कौतुकही. क्लासमध्ये सरांनी तिला उभं करून सगळं पुन्हा सांगायला लावलं. मुली टाळ्या वाजवत होत्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. एका उंदरासारख्या प्राण्याने तिला एवढं मोठं करावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मी पायाने पेला पाडला. काकू धावत अंगणात गेल्या, मीही घाबरल्याचं सोंग करत मागे गेले. काकूंनी लगेच पिंजरा लावला, त्यात भजी ठेवली. आम्ही दुपारी क्लासहून आलो तर चिचुंद्री पिंजऱ्यात होती.

बहिणीने दप्तर टाकलं. चिचुंद्रीला सारखं खायला लागतं, उपाशी राहिली तर ती मरेल, पिल्लंही मरतील, असं सांगून पिंजरा उघडू देण्यासाठी तिने काकूंना विनवलं. काकू कशाबशा हो म्हणाल्या. तिने पिंजरा पेटीशी नेऊन उघडला. चिचुंद्री पेटीमागे गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. पहिल्या पिल्लाने आईच्या शेपटीजवळचे केस दातांत धरले होते, दुसऱ्याने पहिल्याचे, मग तिसरं, मग चौथं. ती रांग भिंतीला चिकटून उंबऱ्याबाहेर गेली आणि कुंपणाखालून दिसेनाशी झाली. काकूंनी रिकामा पिंजरा उचलला.

त्या आत गेल्यावर बहीण मला हळूच म्हणाली, "चिचुंद्री भिंत सोडत न्हाई. दोन हात लांबचा पेला ती कसा पाडंल?"

मी उगाच दप्तरातून वही काढली.

"काकूला मी सांगणार न्हाई. पण सकाळपास्नं त्यांचे हात थरथर कापायलेत. बघितलंस का तू?"

मी बघितलं नव्हतं. सकाळपासून मी फक्त पिंजऱ्यात काय सापडतं त्याचीच वाट बघत होते. मार्कांवरून तिचा हेवा मी पुढेही केला, पण त्या दुपारी तिच्या त्या बघण्याचा वाटला तेवढा कधीच वाटला नाही.