इंजिन निवेपर्यंत

त्या सकाळी सानगडीच्या आमच्या गल्लीत दादाच्या मोटारसायकलचा फटफट आवाज आला आणि मी लगबगीनं चहाचं आधण ठेवलं. सायलेन्सर ढिला झाला की ती गाडी अशी खोकत यायची. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकत होते... पदराला हात पुसत बाहेर आले, तर गाडीवर वहिनीचा भाऊ. खाली मान घालून म्हणाला, "ताई, चाला. दादा गेले." पहाटे छातीत कळ आली आणि उजाडायच्या आत सगळं संपलं होतं. आत स्टोव्हवर पाणी उकळत राहिलं. आता महिना उलटून गेला, तरी माझं मन त्या आधणापाशीच अडकलंय.

माझा थोरला भाऊ दिघोरीला धानाची दलाली करायचा. बाजार फिरायला त्यानं एका ठेकेदाराची वापरलेली मोटारसायकल घेतली. गाडी दणकट, पण तिला एक खोड होती. इंजिनातून सायलेन्सरचा पाईप निघतो तिथं दोन नट. बाहेरचा कुणालाही सापडे, आतला मात्र इंजिन आणि चौकटीच्या दांडीमधल्या चिंचोळ्या फटीत. दादाचा पंजा तिथं शिरतच नसे. मिस्त्री म्हणे, अर्धी गाडी उघडावी लागेल. मी तेव्हा लग्नाच्या वयाची, पण अंगानं काडी. "सुमन, तुहा हात घालून पाहा बरं," दादा म्हणाला. बांगड्या वर सारून मी हात घातला आणि तो नट माझा झाला. "थोडा हा आवळ, थोडा तो. एकालेच जोर देशील तं दुसऱ्या बाजूनं धूर निंगते." मग गाडी चालू करायची, पाईप चांगला तापू द्यायचा, पूर्ण निवू द्यायचा आणि पुन्हा दोन्ही आवळायचे. हे दुसरं आवळणं टाळलं, की थोड्याच दिवसांत फटफट सुरू.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं लग्न झालं. बाबांचा दंडक होता, बहिणीच्या सासरी भावानं कामाशिवाय जायचं नाही, लोकांना वाटतं पोरीचं काही बिनसलं. दादानं दंडक मोडला नाही, काम शोधलं. नट ढिला झाला की स्वारी सानगडीला हजर. सून अंगणात उकिडवी बसून काळे हात करते हे सासूबाईंना कसं रुचावं? पण पाहुण्याची गाडी अडलेली, बोलणार काय! पहिलं आवळणं झालं की दादा अंगणातल्या खाटेवर बसायचा, पाईप निवेपर्यंत. तेवढा वेळ आमचा. आईचं दुखणं, वहिनीचं बाळंतपण, माझ्या दिराचे हट्ट, सगळं त्या चहाबरोबर निघायचं. माझं पहिलं मूल गेलं तेव्हाही तो असाच आला होता. मी नुसती रडत होते. पाईप केव्हाचा निवला होता. त्यानं हात लावून पाहिला आणि म्हणाला, "अजून गरमच हाय."

आमच्या ह्यांचा दादावर फार जीव. एकदा त्यांनी बाजारातल्या लोहाराकडून एक पाना खास वाकवून घेतला, त्या फटीत बरोबर शिरणारा. "भाऊ, हा घ्या. आता एवढ्यासाठी कायले धावत येता? हिचेही हात काळे होतेत." दादानं पाना उलटापालटा करून पाहिला. "मस्त बनवलं जी," म्हणाला. माझ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. त्यानंतर दादा भाऊबीजेला यायचा, दिवाळीनंतर गावची मंडई म्हणजे जत्रा भरली की यायचा, इस्त्रीचे कपडे घालून पाहुण्यासारखा बसायचा आणि वेळेवर उठायचा. ह्यांचा मला कधीकधी भयंकर राग येतो, आणि रागवायला जागा सापडत नाही. त्यांनी भलंच केलं होतं. "काम नसलं तरी ये," एवढं बोलायची आमच्या घरात कुणालाच सवय नव्हती. मलाही नाही, त्यालाही नाही.

तेरवी झाल्यावर दिघोरीहून निघायच्या आधी मी गाडीपाशी गेले. पाना खोलीत भिंतीला टांगलेला होता. वहिनी म्हणाली, "औंदाचा पावसाळा लागल्यापासून ते आवळतच नव्हते ताई. मी म्हणो, किती आवाज करते. तं म्हणत, सुमनकडे जाऊन येतो एखाद्या दिवशी." तो एखादा दिवस आला नाही. मी बांगड्या सारल्या. हात आता भरलाय, बोटांची सालटी निघाली, पण गेला. नट नुसत्या बोटांनी फिरत होता. थोडा हा, थोडा तो, असे दोन्ही आवळले. वहिनीच्या भावानं गाडी चालू केली, तापल्यावर बंद केली. मी तिथंच ओट्यावर बसले. वहिनीनं चहा आणून ठेवला. बराच वेळ गेला...

"ताई, निवला. आवळून टाका," तो म्हणाला. मी उठले नाही. दुसरं आवळणं झालं, की दादा निघायचा.